कॉकपिटमधली जास्तीची खुर्ची आणि सिक्युरिटीच्या रांगेतला पायलट

इंदूरच्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावर सकाळच्या गर्दीत सिक्युरिटीपाशी उभं राहिलं, की हे हमखास बघायला मिळतं. खांद्यावर चार सोनेरी पट्ट्या असलेला कॅप्टन आपल्याच पुढे असतो. टोपी ट्रेमध्ये जाते, कमरेचा पट्टा जातो, बॅगेतला टॅबलेट वेगळ्या ट्रेमध्ये जातो. मग तो चौकटीतून पलीकडे जाऊन दोन्ही हात पसरतो आणि सीआयएसएफचा जवान त्याच्या अंगावरून मशीन फिरवतो. रांगेतलं कुणीतरी म्हणतंच, "अहो, ज्याच्या हातात अख्खं विमान द्यायचं, त्याच्याकडे कात्री आहे का, हे कशाला बघायचं?"

दुसरा प्रश्न आमच्या लोकमान्य नगरात दर दिवाळीला निघतो. माझी भाची एका विमान कंपनीत को-पायलट आहे, बेस मुंबई. शेजारच्या काकू तिला म्हणतात, "तुला काय गं, तू तर पायलटच. कॉकपिटमध्ये एक जास्तीची खुर्ची असते म्हणे. बसायचं आणि यायचं इंदूरला!"

हे दोन्ही प्रश्न एकाच मुळाचे आहेत. पायलट म्हणून समोर उभ्या असलेल्या माणसावर कुठे, किती आणि कशाच्या आधारावर भरवसा ठेवायचा? याचं उत्तर भारतात एक आहे, अमेरिकेत दुसरं आणि युरोपात तिसरं. तिन्ही ठिकाणी विमानं तीच, पायलटचं शिक्षणही जवळपास तेच, तरी नियमांत एवढा फरक पडतो. त्यामागे मनमानी नाही. प्रत्येक नियमाच्या मागे एखादी प्रत्यक्ष घडलेली घटना आहे, आणि बऱ्याचदा त्या घटनेत माणसं गेलेली आहेत.

आधी ती खुर्ची बघू. तिला सगळे जंपसीट म्हणतात. विमानात ती दोन ठिकाणी असते. दारांपाशी भिंतीला घडी घालून ठेवलेल्या खुर्च्या आपल्या ओळखीच्या असतात. टेक-ऑफ आणि लँडिंगच्या वेळी केबिन क्रू त्यांवर बसते. दुसरी जंपसीट कॉकपिटच्या आत, दोन्ही पायलटांच्या पाठीमागे. इंदूर–मुंबई करताना आपण बहुतेक वेळा ज्या एअरबस ए३२० जातीच्या विमानात बसतो, त्याच्या कॉकपिटमध्ये तिसऱ्या माणसासाठी आसन असतं आणि पुष्कळ विमानांत चौथंही, घडीचं. लहान एटीआरमध्ये जागा इतकी कमी, की ती खुर्ची उघडली की येण्याजाण्याची वाटच बंद होते.

ही खुर्ची आरामासाठी नाही. पाठ सरळ, गुडघे आखडलेले, मागे रेलायची सोय नाही. पण तिथे बसणाऱ्यासाठी खांद्यांवरून येणारे पट्टे असतात, ऑक्सिजनचा स्वतंत्र मास्क असतो, हेडसेट जोडायची जागा असते. कॉकपिटमध्ये जेवढे मास्क, तेवढीच माणसं. एखादा मास्क चालत नसेल, तर ती खुर्ची रिकामी जाते. बसणाऱ्याला आधी सगळं समजावून सांगावं लागतं: मास्क कसा ओढायचा, धूर झाला तर काय, दार अडकलं तर बाहेर कुठून पडायचं. ए३२० मध्ये बाजूची काच सरकते आणि दोरीच्या आधाराने खाली उतरता येतं. आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. कॉकपिटमध्ये एक कुऱ्हाड असते, आगीच्या वेळी पॅनल फोडायला. जंपसीटवरून हात लांबवला, तर अशी बरीच साधनं आवाक्यात येतात. म्हणून तिथे कोण बसतं, याला महत्त्व आहे.

मुळात ही खुर्ची निरीक्षणासाठी आहे. डीजीसीए, म्हणजे नागरी विमानोड्डाण महासंचालनालय, त्यांचे निरीक्षक तिच्यावर बसून पायलटांचं काम बघतात. कंपनीचे परीक्षक कॅप्टन बसतात. नव्याने भरती झालेला पायलट प्रत्यक्ष उड्डाणं बघायला बसतो. याशिवाय कंपनीच्या नियमपुस्तिकेत ज्यांना परवानगी आहे असे लोक, उदाहरणार्थ ड्युटीवर किंवा घरी निघालेला त्याच कंपनीचा पायलट. आणि हे सगळं जमून आलं, तरी शेवटचा शब्द कॅप्टनचा. कागद पुरे असले तरी "आज नको" म्हणण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे आणि त्याचं कारण खुर्ची मागणाऱ्याला सांगायला तो बांधील नाही. मला हा नियम फार मोलाचा वाटतो. समोरच्या माणसाचा चेहरा, आवाज, थकवा हे कुठलंही मशीन बघत नाही. दारात उभा असलेला कॅप्टन बघू शकतो.

जुन्या वाड्यांत ओसरीवर कुणीही टेकायचं, पण देवघरात सोवळ्यात असलेलाच जायचा. विमानतळ आणि कॉकपिट यांचंही तसंच आहे. सिक्युरिटीतून पार पडलेला प्रत्येक माणूस ओसरीपर्यंत आला, एवढंच. आत जायची परीक्षा निराळी.

ती परीक्षा आपल्याकडे कागदावर राहत नाही, हे २०२३ मध्ये दिसलं. फेब्रुवारीत एअर इंडियाच्या दुबई–दिल्ली उड्डाणात पायलटने आपल्या मैत्रिणीला कॉकपिटमध्ये बसवलं. ती त्याच विमानातून प्रवासी म्हणून निघालेली होती. मे महिन्यात डीजीसीएने कंपनीला ३० लाख रुपये दंड केला आणि त्या पायलटचं लायसन्स ३ महिन्यांसाठी निलंबित केलं. तेव्हा पुष्कळांना हे अति वाटलं होतं. "बसली थोडा वेळ, काय बिघडलं?"

काय बिघडू शकतं, याचं उत्तर १९९४ सालचं आहे. त्या वर्षी २३ मार्चला एअरोफ्लोतचं एअरबस ए३१० मॉस्कोहून हाँगकाँगला निघालं होतं. कॅप्टनची मुलं सोबत होती आणि वडिलांनी कौतुकाने मुलाला आपल्या खुर्चीत बसवलं. मुलाने स्टिअरिंगवर सतत जोर दिल्यामुळे ऑटोपायलटचा एक भाग सुटला. मोठा आवाज करणारी सूचना त्या विमानात नव्हती, त्यामुळे पायलटांच्या ते वेळेवर लक्षात आलं नाही. विमान कलंडत गेलं आणि सायबेरियात कोसळलं. ७५ माणसं गेली. त्या कॉकपिटमध्ये कुणाच्याही मनात वाईट नव्हतं.

माझ्या लहानपणी, म्हणजे इंडियन एअरलाइन्सच्या काळात, मुलांना उडत्या विमानात कॉकपिट दाखवायला नेत असत. मी स्वतः गेले आहे. समोर पसरलेले ढग आणि ती असंख्य बटणं अजून डोळ्यांपुढे आहेत. ते दिवस ११ सप्टेंबर २००१ नंतर जगभर संपले. गोळी आणि धक्का सोसणारे मजबूत दरवाजे आले आणि १ नोव्हेंबर २००३ पासून मोठ्या प्रवासी विमानांना आंतरराष्ट्रीय नियमाने ते सक्तीचे झाले. आता पायलट बाहेर कोण आहे ते आधी बघतो, मगच कुलूप उघडतं. आपल्याकडे प्रसाधनगृहात जायला एक पायलट बाहेर आला, की केबिन क्रूमधलं कुणीतरी आत जातं, म्हणजे कॉकपिटमध्ये माणूस एकटा राहत नाही. पुढच्या रांगेत बसलात, तर हे सहज दिसेल: खाण्याची ट्रॉली आडवी लागते, एक जण बाहेर, एक जण आत. २४ मार्च २०१५ ला जर्मनविंग्जच्या को-पायलटने कॅप्टन बाहेर गेल्यावर दार आतून लावून घेतलं आणि विमान आल्प्सच्या डोंगरावर नेऊन आदळलं. १५० जण गेले. जे दार बाहेरच्यापासून वाचवतं, तेच आतल्यापासून वाचायला आडवं येतं, हे त्या दिवशी जगाला कळलं.

आता रांगेतल्या त्या प्रश्नाकडे. पायलटची तपासणी कशाला?

७ डिसेंबर १९८७. कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारं पीएसए कंपनीचं विमान. यूएसएअर या तिच्या मालक कंपनीने नोकरीवरून काढलेला एक कर्मचारी त्यात बसला. ज्याने काढलं, तो साहेबही त्याच विमानात होता. नोकरी गेली, तरी या माणसाचं ओळखपत्र परत घेतलं गेलेलं नव्हतं. ते दाखवून तो तपासणी टाळून पुढे गेला. खिशात रिव्हॉल्व्हर होतं. आकाशात त्याने गोळ्या झाडल्या, पायलटांवरही, आणि विमान टेकड्यांवर कोसळलं. विमानातले ४३ च्या ४३ जण गेले.

हा माणूस पायलट नव्हता, तिकीट खिडकीवरचा होता. पण धडा सगळ्यांना लागू पडला. ओळखपत्र सांगतं की ते छापलं गेलं त्या दिवशी हा माणूस नोकरीत होता. आज आहे की नाही, ते सांगत नाही. मनात काय आहे, ते तर मुळीच नाही. त्यानंतर अमेरिकेत विमान कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांनाही तपासणी लागू झाली आणि नोकरी सुटताच ओळखपत्र जप्त करण्याची सक्ती आली.

दुसरी घटना थेट जंपसीटचीच. ७ एप्रिल १९९४, म्हणजे एअरोफ्लोतच्या अपघातानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी. फेडेक्सचं मालवाहू डीसी-१० मेम्फिसहून निघालं. कॉकपिटमध्ये तिघांचा क्रू, आणि मागे जंपसीटच्या हक्काने आलेला कंपनीचाच एक फ्लाइट इंजिनीअर. त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई होणार होती. त्याच्याजवळ गिटारची पेटी होती, तीत हातोडे आणि मासे मारायची भालाबंदूक. कर्मचारी म्हणून ती पेटी कुणी उघडून पाहिली नाही. हातोडेच का, तर डोक्यावरच्या जखमा अपघातातल्या वाटाव्यात आणि विम्याचे पैसे घरच्यांना मिळावेत. तिघांचीही डोकी फुटली. को-पायलटने जबर जखमी अवस्थेत ते प्रचंड विमान असं वेडंवाकडं फिरवलं, की हल्लेखोराचा तोल जात राहिला. बाकी दोघांनी त्याला धरून ठेवलं आणि कॅप्टनने विमान मेम्फिसला परत उतरवलं. तिघेही वाचले, पण पुन्हा कधी व्यावसायिक उड्डाण करू शकले नाहीत.

म्हणून "ज्याच्या हातात विमान आहे, त्याला तपासून काय उपयोग?" हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. गणवेश घातलेल्या प्रत्येकाच्या हातात विमान नसतं. काही जण घरी निघालेले असतात, काही ड्युटीसाठी दुसऱ्या शहरात चाललेले असतात, एखाद्याची नोकरी कालच गेलेली असते. गणवेश शिंपीही शिवून देतो. आणि पायलट कितीही सज्जन असला, तरी हॉटेलच्या खोलीत त्याच्या बॅगेत कुणी काही सरकवलं, किंवा घरच्यांना धमकावून त्याला काही न्यायला लावलं, तर? सरसकट तपासणी असली, की अशा धमकीचा जोरच जातो, कारण धमकावणाऱ्यालाही ठाऊक असतं की वस्तू मशीनमध्ये दिसणारच. ही तपासणी पायलटवरचा अविश्वास आहे असं मला वाटत नाही. त्याचं ते संरक्षणही आहे.

भारताचा इतिहास बघितला, तर आपली कडक पद्धत कुठून आली ते उमगतं. १० सप्टेंबर १९७६ ला इंडियन एअरलाइन्सचं विमान पळवून लाहोरला नेलं गेलं. त्यानंतर नेमलेल्या पांडे समितीच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८ मध्ये डीजीसीएच्या आत सुरक्षेचा स्वतंत्र कक्ष उघडला. २३ जून १९८५ ला एअर इंडियाच्या 'कनिष्क'मध्ये बॉम्ब फुटला, ३२९ माणसं अटलांटिकमध्ये गेली, आणि १ एप्रिल १९८७ पासून तो कक्ष बीसीएएस, म्हणजे नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरो, या नावाने वेगळं खातं झाला. २४ डिसेंबर १९९९ ला काठमांडूहून निघालेलं आयसी-८१४ कंदाहारला नेलं गेलं. त्या आठ दिवसांनंतर, २००० पासून, विमानतळांची सुरक्षा टप्प्याटप्प्याने सीआयएसएफकडे आली. आपल्या जखमा बाहेरून आलेल्या माणसाने आणि बाहेरून आलेल्या सामानाने केलेल्या आहेत. म्हणून आपला सगळा भर एका गोष्टीवर: दरवाजातून आत जाणारा प्रत्येक जण तपासला गेला पाहिजे, मग अंगावर कुठलाही गणवेश असो. ज्यांना झडतीतून सूट आहे, त्यांची ठरलेली यादी आहे. राष्ट्रपती, पंतप्रधान अशी मंडळी. पायलट त्या यादीत नाहीत. विमानतळावर रोज काम करणाऱ्यांकडे बीसीएएसचा प्रवेश पास असतो, पण पास म्हणजे आत यायचा परवाना. झडतीतून सुटका नव्हे.

अमेरिकेची गरज वेगळी. तिथे पायलट एका शहरात राहतो आणि नोकरीचा बेस दुसऱ्याच शहरात, कधी दोन-अडीच हजार किलोमीटर दूर. ही तिथे सर्रास चालणारी गोष्ट आहे. कामावर जायला तो विमानानेच जातो, आणि जागा नसली तर जंपसीटवर. स्वतःच्या कंपनीचं विमान नसेल, तर दुसऱ्या कंपनीच्या. कंपन्यांचे आपापसांत तसे करारच आहेत. २००१ नंतर दुसऱ्या कंपनीच्या पायलटला कॉकपिटमध्ये घेणं बंद पडलं, तेव्हा हजारोंची पंचाईत झाली. त्यातून कॅस नावाची संगणकीय व्यवस्था उभी राहिली. गेटवरचा कर्मचारी पायलटचा क्रमांक टाकतो, आणि त्याच्या कंपनीच्या नोंदीतून उत्तर येतं: हा आज नोकरीत आहे, याला कॉकपिटमध्ये बसायची मुभा आहे, आणि हा त्याचा फोटो. १९८७ मध्ये ओळखपत्र जे सांगू शकलं नाही, ते हे उत्तर सांगतं.

तपासणीच्या बाबतीतही अमेरिका वेगळ्या वाटेने गेली. २०११ पासून तिथे 'नोन क्रूमेंबर' ही योजना सुरू झाली. तीत पायलट आणि केबिन क्रू वेगळ्या दाराने जातात, ओळख पटवतात आणि बहुतेक वेळा बॅग न उघडता आत शिरतात. अधूनमधून कुणालाही बाजूला घेऊन पूर्ण तपासलं जातं. अलीकडे त्या योजनेची जागा नवी व्यवस्था घेऊ लागली आहे, पण विचार तोच. एवढंच नव्हे, २००२ च्या कायद्याने तिथल्या काही पायलटांना प्रशिक्षण देऊन कॉकपिटमध्ये पिस्तूल बाळगायची परवानगी आहे. आपल्याकडे पायलटच्या बॅगेतला मोठा चाकू ट्रेमधून परत जातो आणि तिकडे पिस्तूल कॉकपिटमध्ये जातं. दोन्ही देश आपापल्या परीने सुरक्षेचाच विचार करताहेत.

युरोपात चित्र तिसरं. तिथे विमानतळाच्या संवेदनशील भागात जाणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची तपासणी होते, पायलटचीही. म्हणजे या बाबतीत ते आपल्या जवळचे. कॉकपिटमध्ये कोण बसेल, हे मात्र तिथे कायद्याच्या चौकटीत राहून कंपनीची नियमपुस्तिका ठरवते: ड्युटीवरचा क्रू, सरकारी निरीक्षक, आणि पुस्तिकेत बसणारे इतर, कॅप्टनच्या संमतीने.

मग जगभर एकच नियम का नाही? संयुक्त राष्ट्रांची इकाओ ही संस्था आहे. तिच्या करारातला सतरावा जोडपत्र-विभाग सुरक्षेचा. १९७४ मध्ये तो स्वीकारला गेला. पण तो खालची पातळी ठरवतो. एवढं तरी झालंच पाहिजे, इतकंच तो सांगतो. त्याच्या वर किती चढायचं, हे प्रत्येक देश आपल्या राष्ट्रीय सुरक्षा कार्यक्रमात लिहितो. त्यामुळे आपल्या इंदूरहून शारजाला जाणाऱ्या क्रूलाही इथे एक पद्धत पाळावी लागते आणि तिथून निघताना तिथली. आंतरराष्ट्रीय उड्डाणात आणखी एक कागद येतो, जनरल डिक्लरेशन. त्यावर क्रूची नावं असतात. जंपसीटवरच्या पायलटचं नाव त्यावर क्रू म्हणून चढलंय, की तो प्रवासी म्हणून पासपोर्ट-व्हिसावर चाललाय, हे आधी ठरलं नसेल, तर उतरल्यावर इमिग्रेशनपाशी खोळंबा ठरलेला. देशातल्या देशात जंपसीट मिळवणं त्या मानाने पुष्कळ सोपं.

सोपं म्हणजे हमखास नव्हे. परवाच्या दिवाळीत भाचीला मुंबईहून शेवटच्या फ्लाइटने यायचं होतं. सणामुळे विमान भरलेलं आणि जंपसीटवर निरीक्षक बसणार होते. तिने बॅग उचलली आणि रात्रीची बस धरली. अभ्यंगस्नानाला पोचली नाही, फराळाला पोचली. "मावशी, ती खुर्ची माझी नसतेच," ती म्हणाली, "कुणाला नको असली, तरच माझ्याकडे येते." तिच्या आईला वाईट वाटलं. मला मात्र तिचं बोलणं पटलं.

जंपसीटच्या सवलतीत एक धोका दडलेला आहे, आणि तो कुठल्याही एक्स-रे मशीनमध्ये दिसत नाही: थकवा. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान पडलं. विमानातले ४९ आणि जमिनीवरचा एक, असे ५० जण गेले. मुख्य कारण कॅप्टनने धोक्याच्या सूचनेला दिलेला चुकीचा प्रतिसाद. पण चौकशीत हेही पुढे आलं, की को-पायलट आदल्या रात्री देशाच्या पश्चिम टोकावरच्या सिॲटलहून मालवाहू विमानांतून रात्रभर प्रवास करून पूर्वेला न्यूआर्कला कामावर आली होती. नियमात ते बसत होतं, कारण घरून कामावर येण्याचा वेळ ड्युटीत धरला जात नव्हता. कंपनीने कामासाठी पाठवलेल्या पायलटचा प्रवास मात्र ड्युटीत मोजला जातो, भारतातही. खुर्ची तीच, विमान तेच, पण एक प्रवास हिशेबात आणि दुसरा हिशेबाबाहेर. शरीराला हा फरक कळत नाही. म्हणून पायलटला बेसच्या गावातच बिऱ्हाड करायला सांगणारी आपली पद्धत मला, भाची लांब राहते याचं वाईट वाटूनही, योग्य वाटते.

मनाचं काय? २२ ऑक्टोबर २०२३ ला अमेरिकेत अलास्का एअरलाइन्सचं, होरायझन एअर चालवत असलेलं विमान एव्हरेटहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालं होतं. जंपसीटवर सुट्टीवरचा पायलट. नोकरी पक्की, कॅसमध्ये नाव बरोबर, बोलणंचालणं साधं. मध्येच तो डोक्यावरच्या आग विझवायच्या दोन दांड्या ओढू लागला. त्या पूर्ण ओढल्या, की इंजिनांचं इंधन तुटतं. दोन्ही पायलटांनी त्याला अडवलं, बाहेर काढलं आणि विमान पोर्टलंडला उतरवलं. कित्येक तास झोप झालेली नव्हती आणि त्याआधी नशा आणणारी अळंबी खाल्ली होती, असं त्याने नंतर पोलिसांना सांगितलं. त्याच्या बॅगेत काहीही आक्षेपार्ह सापडण्याचा प्रश्न नव्हता. भारतातली सर्वांत कडक झडतीही त्याला अडवू शकली नसती. तपासणी वस्तूंची होते, आणि यात वस्तू नव्हतीच. मनाच्या आजाराबद्दल बोललं तर लायसन्स जाईल, ही भीती पायलटांच्या मनात असते, आपल्याकडेही. ती कमी झाली, तर अशा माणसाचा त्रास घरात किंवा डॉक्टरकडे आधी कळेल. याला वेगळा नियम हवा आणि वेगळी माया हवी.

एवढं वाचून कुणी म्हणेल, मग ती खुर्ची रिकामीच ठेवा. तसंही मला म्हणवत नाही, कारण याच खुर्चीने माणसं वाचवलेली आहेत. दोन पायलट हातातल्या कामात गुंतलेले असतात. तिसऱ्याचे हात रिकामे आणि नजर सगळीकडे. म्हणून पद्धत अशी, की १०,००० फुटांच्या खाली गप्पा बंद, पण काही चुकताना दिसलं तर जंपसीटवरच्याने बोलायचंच. ४ नोव्हेंबर २०१० ला क्वांटासच्या ए३८० चं इंजिन सिंगापूरहून निघाल्यावर फुटलं, तेव्हा कॉकपिटमध्ये परीक्षेनिमित्त पाच पायलट होते. बिघाडाच्या सूचनांचा ढीग त्यांनी वाटून घेतला आणि ४६९ जण सुखरूप उतरले.

सर्वांत बोलकं उदाहरण इंडोनेशियाचं. २८ ऑक्टोबर २०१८ ला लायन एअरचं बोईंग ७३७ मॅक्स बालीहून जकार्ताला निघालं आणि उड्डाणानंतर नाक पुन्हा पुन्हा खाली दाबू लागलं. एका सेन्सरची माहिती चुकीची होती आणि एक स्वयंचलित प्रणाली तिच्यावर विसंबून शेपटीचा कोन बदलत होती. सुदैवाने जंपसीटवर सुट्टीवरचा एक पायलट होता. तिघांनी मिळून ते हाताळलं, शेपटीची मोटर बंद करणारे स्विच पाडले आणि विमान जकार्ताला नेलं. पण उतरल्यावर दुरुस्तीच्या वहीत झालेलं सगळं लिहिलं गेलं नाही. कॅप्टनच्या बाजूचं स्टिअरिंग धोक्याच्या सूचनेने थरथरत राहिलं, शेवटी ते स्विच बंद करावे लागले, यातलं काहीच पुढच्या क्रूच्या हाती पडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच विमान दोनच पायलट घेऊन उडालं, तोच बिघाड झाला, आणि १८९ माणसांना घेऊन ते जावा समुद्रात पडलं.

भाची हे उदाहरण कधी विसरत नाही. जंपसीटवरून येताना काही वेगळं घडलं असेल, अगदी एखादा इशारा क्षणभर लागून विझला असेल तरी, उतरण्याआधी ती कॅप्टनला विचारते, "सर, लॉगमध्ये लिहायचंय ना हे?" बहुतेक जण म्हणतात, लिहिलं. एकदा एक जण म्हणाले, "बरं झालं आठवण केलीस," आणि प्रवासी उतरत असतानाच त्यांनी पेन काढलं.